साहसाची आणि प्राण्यांची ओढ असलेल्या घरच्या माणसाची आठवण कशी जपावी

घरातले कोणी गेले की पहिल्या आठवड्यातच त्याच्याविषयीची दोन-तीन विशेषणे ठरून जातात आणि पुढे वर्षानुवर्षे तीच सगळ्यांच्या तोंडी राहतात. डोंगरदऱ्यांत हिंडणारा, जखमी पाखरू दिसले की रुमालात गुंडाळून घरी आणणारा आणि तरीही रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे म्हणून हटून बसणारा माणूस असेल, तर "साहसी, प्राणिप्रेमी आणि कुटुंबवत्सल" असे लिहून शोकसंदेश पुरा होतो. त्यात खोटे काही नसते. मात्र ती ओळ वाचून तो माणूस ओळखता येत नाही, कारण ती इतर हजारो माणसांनाही तितकीच लागू पडते. माझे धाकटे काका गेले तेव्हा आम्हीही नेमके हेच केले, आणि त्यांची खरी आठवण आम्हाला पुढच्या दीड वर्षात, बऱ्याच चुका करत, तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली. त्या खटाटोपातून एक साधा क्रम हाती आला: जे लवकर नष्ट होते ते आधी सांभाळावे आणि जे टिकणारे आहे त्याकडे सवडीने वळावे. झाड, स्मारक, पुस्तिका या गोष्टी काही महिने थांबू शकतात. घरातला कुत्रा, फोनमधला आवाज आणि सोबत्यांची स्मरणशक्ती थांबत नाही.

आधी घरातले प्राणी

ज्या माणसाला प्राण्यांची एवढी माया होती, त्याच्या मागे त्याच्याच प्राण्यांची आबाळ व्हावी यासारखी विसंगती नाही, पण ती सर्रास होते. घरात माणसांची ये-जा असते, दार सतत उघडे राहते, कुत्र्याला कोणी खाऊ घातले आणि कोणी नाही याचा मेळ नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी एका व्यक्तीने, शक्यतो घराबाहेरच्या जवळच्या मित्राने, प्राण्यांची जबाबदारी नाव घेऊन स्वीकारावी. फिरायला नेण्याच्या आणि जेवणाच्या वेळा आधीच्याच ठेवाव्यात. अंथरूण आणि पट्टा लगेच धुऊ नये, आणि गेलेल्या माणसाचा एखादा न धुतलेला शर्ट काही दिवस कुत्र्याजवळ राहू द्यावा.

आपला मालक मे १९२५ मध्ये वारल्यानंतर जवळपास दहा वर्षे, मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत, तोक्योच्या शिबुया स्टेशनवर येत राहिलेल्या हाचिकोची गोष्ट अशा वेळी कोणी ना कोणी सांगतेच. ती खरी असली तरी प्रत्येक कुत्रा हाचिको नसतो. काही कुत्री आठवड्याभरात पूर्ववत होतात, आणि त्यावरून "याला काहीच वाटले नाही" असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. मांजराच्या बाबतीत मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येऊ शकतो, त्यामुळे "दुःखात आहे, खाईल हळूहळू" असे म्हणत वाट न पाहता पशुवैद्याला दाखवावे. सांत्वनासाठी आलेल्या पुष्पगुच्छांवरही नजर ठेवावी. लिलीची पाने, पाकळ्या, परागकण, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. मांजर असलेल्या घरात लिलीचे गुच्छ दारातूनच परत करावेत, आणि त्यासाठी कोणाला वाईट वाटले तर वाटू द्यावे.

प्राण्याच्या अंगात ओळख पटवणारी मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा क्रमांक, जो आंतरराष्ट्रीय पद्धतीत १५ अंकी असतो, ज्या नोंदवहीत आहे तिथे मालकाचे नाव आणि फोन नंबर बदलून घ्यावा. एरवी कुत्रा हरवला तर संदेश जाईल तो कोणीही न उचलणाऱ्या नंबरावर. पोपट असेल तर आणखी एक काम आहे. आफ्रिकी राखाडी पोपटासारखे पक्षी पाळलेल्या अवस्थेत ४० ते ६० वर्षे जगू शकतात आणि घरातल्या माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करतात. गेलेल्या माणसाची हाक त्या पक्ष्याच्या तोंडून अवचित ऐकू येणे काहींना असह्य होते, तर काहींना हवेहवेसे वाटते. आज असह्य वाटत असले तरी ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे, कारण पक्षी नवे शब्द उचलतो तसे जुने सोडूनही देतो.

फोन आणि आवाज

माणसाचा चेहरा शेकडो छायाचित्रांत राहतो. आवाज मात्र फार थोड्या ठिकाणी असतो आणि तिथूनच तो सर्वांत आधी नाहीसा होतो. त्यामुळे फोनचे सिमकार्ड घाईने बंद करू नये. नंबर बंद झाला की पडताळणीचे संकेतांक येणे थांबते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवस वापरात नसेल तर साधारणपणे हटवले जाते. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते, त्यातल्या ईमेल आणि छायाचित्रांसकट, पुसले जाऊ शकते. व्हॉइस मेसेज आपापल्या फोनमधून शोधून वेगळे साठवण्याचे काम प्रत्येक नातेवाइकाने करावे, कारण त्यांचा मोठा साठा गेलेल्या माणसाच्या फोनपेक्षा ज्यांना ते पाठवले त्यांच्या फोनमध्ये असतो.

खात्यांपर्यंत पोहोचण्याचे रीतसर मार्ग आहेत, पण त्यांपैकी बरेच मार्ग माणूस जिवंत असतानाच आखून ठेवावे लागतात. ॲपलने २०२१ च्या अखेरीस वारस संपर्काची, म्हणजे मृत्यूनंतर खाते पाहू शकेल अशी व्यक्ती आधीच नेमण्याची, सोय दिली. त्या संपर्काकडे आधी दिलेली किल्ली आणि मृत्यूचा दाखला असेल तर छायाचित्रे आणि टिपणे मिळू शकतात. गूगलची अशीच सोय २०१३ पासून आहे. फेसबुकवर २०१५ पासून वारस नेमता येतो आणि खाते स्मरणार्थ ठेवता येते, मात्र खासगी संदेश त्या वारसालाही वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. यातली कोणतीच तजवीज केलेली नसेल तर पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नये. वारंवार चुकलेल्या प्रयत्नांनी फोन कायमचा बंद पडू शकतो किंवा त्यातला मजकूर पुसला जाऊ शकतो.

हिंडणाऱ्या माणसाच्या वस्तूंत आणखी दोन ठिकाणी खजिना असतो. पहिले ठिकाण म्हणजे हेल्मेटवर किंवा छातीवर लावायचा छोटा कॅमेरा. त्यातल्या चित्रणात तो स्वतः क्वचितच दिसतो, पण त्याचा श्वास, शिट्टी, कुत्र्याला घातलेली हाक आणि स्वतःशीच पुटपुटणे असते. या फिती डोंगराच्या दृश्यासाठी पाहू नयेत, डोळे मिटून ऐकाव्यात. दुसरे ठिकाण म्हणजे मनगटावरचे घड्याळ किंवा जीपीएस यंत्र. त्यात चाललेल्या वाटांच्या नोंदी असतात आणि त्या जीपीएक्स या सर्वमान्य स्वरूपात उतरवून घेता येतात. पुढे मुलांना तीच वाट, पावलापावलाने, चालता येते.

वही, नकाशे, छायाचित्रे

काकांच्या पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात एक खिशात मावेल एवढी वही होती. पाण्याने फुगलेली, पेन्सिलने लिहिलेली, आणि मागच्या पुठ्ठ्याला रबरबँड चिकटून त्याची तपकिरी रेघ उठलेली. एका मोठ्या मोहिमेतून ते शिखराच्या अगदी खालून परत आले होते आणि "हवा बिघडली" असे त्यांनी घरी सांगितले होते. आम्ही ती हकीकत वीस वर्षे तशीच सांगत होतो. वहीत त्या तारखेखाली चार शब्द निघाले: "परत फिरलो. कुत्रीचा पंजा." तळावरून कोणाची तरी कुत्री त्यांच्या मागे मागे आली होती, बर्फावर तिचा पंजा फाटला होता, आणि काकांनी तिला खांद्यावर घेऊन खाली आणले होते. हे त्यांनी का सांगितले नाही, याचा उलगडा आता होणार नाही. कदाचित सोबत्यांना ते हसण्यासारखे वाटेल अशी धास्ती असेल. कदाचित काकूंना ओझ्यासह केलेल्या त्या उतरणीची कल्पना येऊ नये, असेही असेल. आमच्याकडची सगळी विशेषणे एकीकडे आणि ते चार शब्द एकीकडे, असे त्या दिवशी वाटले.

म्हणून लिखित वस्तू चाळताना घाई करू नये आणि एकट्यानेही चाळू नये. प्रत्येक पान जसे आहे तसे, कोरी पानेसुद्धा, क्रमाने स्कॅन करावे. पानांत दाबलेले पीस, तिकीट, वाळलेले पान त्याच जागी ठेवून आधी छायाचित्र घ्यावे आणि मग ते बाजूला काढावे. प्रवासातल्या पावत्या आणि काही परवाने उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतात, आणि त्यांवरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात, तेव्हा त्यांचा नंबर पहिला. नकाशांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत, आणि जुना नकाशा नीट दिसावा म्हणून इस्त्री करण्याचा मोह आवरावा.

छापील छायाचित्रे किमान ३०० डीपीआयने (एका इंचातले ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) आणि लहान आकाराची असल्यास ६०० डीपीआयने स्कॅन करावीत. ३५ मिलिमीटरच्या स्लाइड आणि निगेटिव्ह यांना त्याहून बरेच अधिक, २४०० डीपीआय किंवा वर, लागते. डबा उघडताच शिरक्यासारखा वास आला तर फिल्मचा आधारथर कुजू लागला आहे असे समजावे आणि ती रीळे इतरांपासून वेगळी करून आधी स्कॅन करावीत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवला तर बहुतेक वेळा ते सुटतात, आणि न सुटल्यास पानासकट स्कॅन करावेत. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, हा संगणकाच्या जगातला जुना नियम इथेही पुरेसा आहे. मेमरी कार्डे मात्र साठवण म्हणून वापरू नयेत.

फोटोंवर नावे लिहिण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे आहे. माणसांची नावे बहुधा कोणाला तरी ठाऊक असतात, प्राण्यांची नसतात. काकांच्या मांडीवर बसलेला एक काळा बोका तेरा फोटोंत आहे आणि त्याचे नाव आज आम्हा कोणालाच सांगता येत नाही.

सोबत्यांना काय विचारावे

"त्यांच्याविषयी चार शब्द सांगा" असे म्हटले की समोरचा माणूस भाषण करू लागतो. त्याऐवजी नेमके विचारावे. ते कधी परत फिरले? त्यांना कशाची भीती वाटत असे? तंबूत रात्री ते कशाविषयी बोलत? त्यांच्या पिशवीत इतर कोणाकडेही नसे असे काय असे? ते तुमच्यावर कधी रागावले? यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न मला सर्वाधिक उपयोगी पडला. दोराच्या दुसऱ्या टोकाला वर्षानुवर्षे असलेल्या माणसाला जे ठाऊक असते ते घरच्यांना कधीच कळलेले नसते, आणि तोही आता सत्तरीला टेकलेला असू शकतो. पशुवैद्याकडे जावे, प्राण्यांच्या निवाऱ्यात स्वच्छतेचे काम करणाऱ्यांकडे जावे, ज्यांना त्यांनी एखादे पिल्लू दिले त्यांच्याकडे जावे. फोन टेबलावर उताणा ठेवून साधे ध्वनिमुद्रण केले तरी चालते. पंखा बंद करावा, फोन विमान मोडवर टाकावा, आणि सुरुवातीलाच तारीख व बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने म्हणून घ्यावे. उत्तर संपले असे वाटल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. खरी गोष्ट बहुधा त्या शांततेनंतर येते.

घरच्यांच्याही मुलाखती घ्याव्यात, आणि त्यात एक अवघड बाजू टाळू नये. साहसी माणसाच्या घरी कोणीतरी वाट पाहत असते. जोडीदाराने कितीदा एकट्याने आजारी मूल सांभाळले, कोणत्या वाढदिवसाला खुर्ची रिकामी राहिली, "पोहोचलो" एवढ्या एका शब्दाच्या संदेशासाठी किती रात्री जागून काढल्या, हे आठवणीतून वगळले तर उरतो तो पुतळा. काकूंनी हे सांगितले तेव्हा त्या रागाने बोलत होत्या, आणि पुढच्याच वाक्यात हसल्या.

दोर, हेल्मेट आणि इतर सामान

इथे मायेपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची आहे. गिर्यारोहणाचा नायलॉनचा दोर आणि कमरेचा पट्टा न वापरताही कमकुवत होत जातो, आणि बहुतेक उत्पादक त्यांचे आयुष्य निर्मितीपासून जास्तीत जास्त १० वर्षे धरतात. त्यामुळे "बाबांचाच दोर वापरून चढेन" असे मुलाने म्हटले तर ठाम नकार द्यावा. त्या दोराचे तुकडे कापून टोके वितळवून घ्यावीत आणि कुत्र्याची साखळी, किल्ल्यांची जुडी, दाराची मूठ असे काही करून नातेवाइकांत वाटावे. कापलेला दोर चुकूनही कोणी पुन्हा चढाईला वापरत नाही, हा त्यातला मोठा फायदा आहे. आपटलेले किंवा जुने हेल्मेटही कोणाला वापरायला देऊ नये. विजेऱ्या आणि जीपीएस यंत्रे यांतील बॅटऱ्या काढून टाकाव्यात, नाहीतर त्या पाझरून यंत्र खराब करतात. स्टोव्हच्या गॅसचे डबे कपाटात "आठवण" म्हणून मुळीच ठेवू नयेत. तंबू, पाठपिशव्या, बूट, कपडे मात्र वापरणाऱ्या हातांत जावेत. मृत्यू अपघाती असेल तर चौकशी संपेपर्यंत एकही वस्तू धुऊ, दुरुस्त करू किंवा वाटू नये.

लिहिताना

स्मृतिलेख लिहायला बसल्यावर विशेषणे खोडून त्या जागी क्रियापदे घालावीत, एवढा एक नियम पाळला तरी लेख सुधारतो. "ते अत्यंत प्राणिप्रेमी होते" याऐवजी "गाडीच्या डिकीत ते नेहमी एक जुने पांघरूण आणि पुठ्ठ्याचा खोका ठेवत, कारण रस्त्यात कोण भेटेल ते सांगता येत नाही" असे लिहावे. "कुटुंबवत्सल" हा शब्द तर हद्दपारच करावा. त्याऐवजी मोहिमेवर निघण्याच्या आदल्या रात्री ते काय करत ते सांगावे. उंची, अंतर, वर्षे नोंदींवरून ताडून घ्यावीत, कारण सांगण्यात शिखरे दर वर्षी थोडी थोडी उंच होत जातात. घरात दोन माणसे एकच प्रसंग वेगवेगळा सांगत असतील तर दोन्ही लिहावेत आणि कोणी काय सांगितले ते नोंदवावे.

मुलांशी बोलताना

लहान मुलांना मृत्यू सांगताना "बाबा दूरच्या प्रवासाला गेले" असे म्हणण्याची पद्धत कुठेच चांगली नाही, पण साहसी माणसाच्या घरात ती घातक आहे. त्या मुलाचे बाबा खरोखरच दूरच्या प्रवासाला जात आणि दर वेळी परत येत. मग मूल दाराकडे पाहत बसते. मृत्यू पालटत नाही ही गोष्ट मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगू लागते, म्हणून "मरण पावले, त्यांचे शरीर आता काम करत नाही, ते परत येणार नाहीत" असे स्पष्ट शब्द वापरावेत आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्याची तयारी ठेवावी. वडिलांच्या जागी म्हणून लगेच नवे पिल्लू आणू नये. घरातले कोणीच त्याला शिकवण्याच्या अवस्थेत नसते.

मूल आज ढसाढसा रडून तासाभराने कुत्र्याशी खेळताना दिसले तर काळजी करू नये. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले की शोक करणारा माणूस गमावल्याच्या जाणिवेकडे आणि रोजच्या जगण्याकडे आलटून पालटून झुकत असतो. मोठ्यांचेही तसेच होते, ते फक्त लपवतात.

स्मृतिदिन साजरा करताना

आकाशकंदील सोडू नयेत. १ जानेवारी २०२० ला, नववर्षाच्या मध्यरात्रीनंतर, जर्मनीतल्या क्रेफेल्ड प्राणिसंग्रहालयातील माकडघर उडत्या कंदिलांमुळे पेटले आणि त्यात ओरांगउटानसह ३० हून अधिक प्राणी जळून मेले. फुग्यांचेही तेच: हवेत सोडलेला फुगा कुठेतरी खाली येतोच, आणि त्याचे तुकडे खाद्य समजून समुद्री कासवे आणि पक्षी गिळतात. प्राण्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाला अशी मानवंदना देण्यापेक्षा काहीच न केलेले बरे.

रक्षा आवडत्या शिखरावर विसर्जित करायची इच्छा असेल तर आधी जागेच्या मालकाची किंवा वनखात्यासारख्या यंत्रणेची परवानगी घ्यावी. रक्षेत मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट असते, ती तीव्र क्षारधर्मी असते, आणि एकाच जागी ओतली तर उंचावरच्या निकस मातीत वाढणाऱ्या नाजूक वनस्पतींना बाधते. म्हणून ती थोडी घ्यावी, वाटेपासून आणि पाण्यापासून दूर, पसरून टाकावी. शिखरावर नावाची पाटी ठोकू नये आणि दगडांचा नवा ढीगही रचू नये. धुक्यात असे ढीग वाट चुकवतात, आणि उपटलेल्या दगडाखाली कोणाचे तरी घर असते. झाड लावायचे तर त्या भागातलेच लावावे, आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी कोण घालणार त्याचे नाव आधी ठरवावे.

प्राण्यांच्या निवाऱ्याला देणगी देण्यापूर्वी त्यांना काय हवे ते विचारावे. आम्ही मोठ्या उत्साहाने खेळणी घेऊन गेलो होतो, आणि तिथल्या बाईंनी संकोचत विचारले की जुने टॉवेल आहेत का. टॉवेल होते, काकांचेच, ढीगभर. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी आम्ही सगळे आपापल्या घरातले जुने टॉवेल आणि चादरी घेऊन तिथे जमतो, सकाळभर पिंजरे धुतो आणि भाषणे करत नाही.

वहीचे पुढे काय करावे यावर आमच्यात बराच वाद झाला. चुलत बहिणीला ती काचेच्या चौकटीत हवी होती. स्कॅन करून झाल्यावर, प्रती तीन घरी पोहोचल्यावर, काकूंनी ती परत मागून घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनेच कुत्र्याच्या पुढच्या लसीची तारीख लिहिली.